गोमतीच्या उगमाकडचे एक फूल

लखनौचे नाव घेतले की गोमती आठवते. परंतु ही नदी हिमालयातून आलेली नाही, हे लखनौत वाढलेल्या माणसाच्याही पुष्कळदा ध्यानात नसते. गंगा, यमुना, शारदा, घागरा या साऱ्या बर्फाच्या लेकी. गोमती मात्र मैदानातच जन्मलेली आहे. पिलीभीत जिल्ह्यात माधोटांडा नावाचे गाव आहे. त्याच्याजवळच्या फुलहर नावाच्या तळ्यातून ती निघते आणि कोठेही घाई न करता सुमारे ९६० किलोमीटर वाहत जाऊन गंगेला मिळते. नबाबांच्या बागांना आणि घाटांना शोभा देणारी ही नदी मुळात तराईच्या पाणथळ गवतातून झिरपलेली आहे.

त्याच पिलीभीतच्या मुलखात १९०२ साली कोणा संग्राहकाने एक लहानसे फुलझाड उपटून, दाबून, वाळवून ठेवले. त्याचा नमुना इंग्लंडमधील क्यू येथील जगप्रसिद्ध वनस्पतिसंग्रहात आहे. ‘यूलोफिया ऑब्टूसा’ हे त्याचे शास्त्रीय नाव. जमिनीत कंद धरून राहणारी ही एक आमरी, म्हणजे ऑर्किड आहे. त्यानंतर एकशे अठरा वर्षे उत्तर भारतातून तिची वार्ता आली नाही. राज्ये बदलली, नद्यांना बांध पडले, रानांची शेते झाली. तिच्या अस्तित्वाचा पुरावा काय तो क्यूमधल्या जुन्या कागदाच्या रूपाने शिल्लक होता.

असा कागद म्हणजे काय, हे पाहायचे तर क्यूला जाण्याचे कारण नाही. लखनौच्या मध्यभागी गोमतीच्या काठाजवळ सिकंदरबाग आहे. अवधचा अखेरचा नबाब वाजिद अली शाह याची बेगम सिकंदरमहल हिच्या नावाची ही बाग. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी तिच्या तटांच्या आत जे रणकंदन झाले त्यात सुमारे दोन हजार शिपाई पडले. ज्या मातीने एवढे रक्त प्याले त्याच मातीवर पुढे वनस्पतींचा अभ्यास उभा राहावा, हा इतिहासाचा एक विलक्षण योग होय. प्राध्यापक कैलासनाथ कौल यांच्या पुढाकाराने १९४८ साली उत्तर प्रदेश सरकारने येथे राष्ट्रीय वनस्पती उद्यान उभारण्याचे काम हाती घेतले. १९५३ साली ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे गेले आणि १९७८ पासून ‘राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था’ या नावाने ओळखले जाऊ लागले. बागेतल्या गुलाबांसाठी आणि गुलदावदीसाठी (आपल्याकडे तिला शेवंती म्हणतात) लोक तेथे गर्दी करतात. परंतु संस्थेचा खरा ठेवा आतल्या कपाटांत आहे. एकेका जाड कागदावर एकेक वाळलेली वनस्पती चिकटवलेली, आणि कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर चार ओळी: वनस्पतीचे नाव, सापडल्याचे ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. या चार ओळी नसतील तर त्या कागदाला वाळक्या पाल्यापलीकडे किंमत नाही. त्या असतील, तर शंभर वर्षांनंतरचा मनुष्यही त्या ठिकाणी जाऊन उभा राहू शकतो आणि विचारू शकतो: ते झाड आता कोठे आहे?

लखनौत आणखीही एक संस्था आहे. बिरबल सहानी यांनी स्थापलेल्या या संस्थेच्या इमारतीची कोनशिला ३ एप्रिल १९४९ रोजी जवाहरलाल नेहरूंनी बसवली आणि पुढच्या आठच दिवसांत सहानी यांचे निधन झाले. तेथे कोट्यवधी वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या वनस्पतींचे दगडांत उमटलेले ठसे अभ्यासले जातात. एकाच शहरात एका ठिकाणी निश्चित गेलेल्यांचा हिशेब, तर दुसऱ्या ठिकाणी असलेल्यांचा. या दोन हिशेबांच्या मध्ये, ‘गेली’ असे म्हणवत नाही आणि ‘आहे’ असेही म्हणता येत नाही अशा स्थितीत, पिलीभीतची ही आमरी शतकभर अडकून पडली होती.

१९०२ हे साल सहज आलेले नाही. त्या काळी उत्तर हिंदुस्थानातील वनस्पतिशास्त्राचे केंद्र सहारनपूरच्या सरकारी बागेत होते आणि जॉन फर्मिंजर डथी हे १८७५ पासून तिचे अधीक्षक होते. गंगेच्या वरच्या मैदानातील आणि शिवालिक व हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यातील झाडून साऱ्या वनस्पतींची सूची करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. त्या ग्रंथाचा पहिला भाग १९०३ साली निघाला. डथी १९२२ मध्ये वारले, तरी काम पुरे झाले नव्हते; शेवटचा भाग इतरांनी १९२९ साली पूर्ण करून छापला. हिमालयाच्या वायव्य भागातील आमरींवर त्यांनी १९०६ साली वेगळा ग्रंथही प्रसिद्ध केला. म्हणजे पिलीभीतचा तो नमुना जेव्हा गोळा झाला, तेव्हा या सबंध प्रदेशाकडे कोणीतरी बारकाईने पाहत होते. सूची पुरी झाली आणि ते पाहणेही थांबले. ग्रंथ झाला म्हणजे विषय संपला, अशी समजूत विद्वानांत फार आहे. एकशे अठरा वर्षांचे मौन हे सारेच्या सारे त्या फुलाचे नव्हते. त्यातला बराच वाटा माणसांचा होता.

यूलोफिया या कुळातल्या वनस्पती महाराष्ट्राला परक्या नाहीत. सह्याद्रीच्या उतारावर आणि विदर्भाच्या रानांत त्यांतल्या काही जाती उगवतात. अमरकंद या नावाने त्यांचे कंद वैदूंच्या झोळीत असतात, आणि त्यापायी ते उकरलेही जातात. उत्तर भारतातल्या या जातीला प्रथम नाव दिले ते लिंडले या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने. जोसेफ हूकर यांनी १८९० साली आपल्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतिग्रंथात तिला यूलोफिया या प्रजातीत बसवले. ऑर्किड म्हटले की झाडाच्या फांदीवर लोंबणारा झुबका डोळ्यांपुढे येतो. ही आमरी तशी नाही. ती मातीत राहते. वर्षाचा पुष्कळ काळ जमिनीवर तिची खूणही नसते; कंद खाली झोपलेला असतो. पावसाच्या तोंडाशी एक दांडा वर येतो, त्यावर नाजूक फुलांचा घोस लागतो, आणि थोड्याच दिवसांत भोवतालचे गवत माणसाच्या डोक्याहून उंच होऊन सारे झाकून टाकते. या थोड्या दिवसांत जो नेमका तेथे जाईल आणि खाली पाहील त्यालाच ती दिसणार. वाघ पाहायला आलेला प्रवासी तर समोर पाहत असतो. शिवाय पावसाळ्यात जंगल प्रवाशांना बंदच असते.

तिच्या बीजाची कथा याहून नाजूक आहे. आमरीचे बी धुळीसारखे बारीक असते. गव्हाच्या दाण्यात अंकुरासाठी जशी शिदोरी बांधून दिलेली असते तशी त्यात नसते. मातीतल्या विशिष्ट बुरशीशी गाठ पडली आणि तिने अन्न पुरवले तरच ते रुजते. म्हणून लक्षावधी बिया उधळल्या तरी रोपे मोजकीच. आणि म्हणूनच कंद उपटून दुसरीकडे लावला म्हणजे जात वाचली, असे होत नाही. तिच्याबरोबर ती माती, ती ओल, ते गवत, ती अदृश्य बुरशी असा सारा संसार न्यावा लागेल.

हा संसार नद्यांनी मांडलेला आहे. हिमालयातून उतरलेल्या नद्या सपाटीवर आल्या की त्यांचा वेग मोडतो, बरोबरचा गाळ खाली बसतो आणि पात्र वरचेवर बदलत राहते. शारदा, सुहेली, मोहाना यांनी सोडून दिलेल्या जुन्या पात्रांतून तळी झाली, तळ्यांच्या कडेने दलदल आणि दलदलीच्या वर काश, मुंज, वाळा, सिरू, नरकुल अशा गवतांची अफाट राने. पुराने एक तुकडा खरडून न्यावा, दुसऱ्या ठिकाणी नवा गाळ टाकावा, त्यावर पुन्हा गवत यावे, असा हा क्रम होता. नदी स्वस्थ बसली तर त्या जागी साल-खैराचे जंगल चढते आणि गवत हटते. तराईचे गवत हे नदीच्या अस्वस्थपणाचे अपत्य आहे.

विसाव्या शतकाने हा क्रम मोडला. १९२८ साली बनबसाहून शारदा कालवा सुरू झाला. हिवतापाच्या भयाने माणूस जेथे पाऊल टाकत नसे त्या तराईत स्वातंत्र्यानंतर कीटकनाशके पोचली, पश्चिम पंजाबातून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांना जमिनी मिळाल्या, नांगर फिरले. दोष कोणाला द्यायचा? घरदार हरवून आलेल्या माणसाने त्या गवतात केवळ पडीक जमीन पाहिली, यात त्याचे काय चुकले? पाहता पाहता पिलीभीत आणि लखीमपूर-खेरी हे उसाचे आणि साखरेचे जिल्हे झाले. सालाचे जंगल सरकारला लाकूड देत होते, म्हणून त्याला रखवालदार होता. गवत कोणालाच काही देत नव्हते. सरकारी दप्तरात त्याची किंमत छपरे शाकारण्याच्या पेंढीएवढी.

तरी काही तुकडे वाचले, आणि ते एका हरणाने वाचवले. बारशिंगा हा दलदलीचा प्राणी. गवत गेले की तोही जातो. त्याच्यासाठी १९५८ साली सोनारीपूर येथे पंधरा-सोळा चौरस किलोमीटरचे छोटेसे अभयारण्य राखून ठेवण्यात आले. पुढे १९७२ साली किशनपूर अभयारण्य झाले, तेथील झादी ताल हे बारशिंग्यांच्या कळपांसाठी प्रसिद्ध आहे. पलियाजवळ शेती करायला आलेले आणि शिकार सोडून वन्यप्राण्यांचे कैवारी बनलेले बिली अर्जनसिंग यांनी वर्षानुवर्षे तगादा लावला, आणि १९७७ साली दुधवा राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. १९८४ पासून आसामातून व नेपाळातून गेंडे आणून सोनारीपूरच्या गवतात सोडले गेले. त्याच वर्षी, नष्ट झाला की काय अशी शंका असलेला खरखरीत केसांचा ससाही दुधव्याच्या गवतात आढळला. या साऱ्या सरकारी कागदांत त्या आमरीचे नाव कोठेही नाही. कोणी तिच्यासाठी काही केले नाही. बारशिंगा आणि गेंडा यांच्यासाठी राखलेल्या गवतात ती आश्रितासारखी राहिली.

३० जून २०२० रोजी दुधवा व्याघ्र प्रकल्पाचे अधिकारी आणि वन्यजीव संस्थांचे कार्यकर्ते गवताळ राने पाहत फिरत होते. देश महामारीच्या बंधनांतून नुकता कोठे डोके वर काढत होता. किशनपूर अभयारण्यात आणि सोनारीपूर भागात त्यांना गवतात फुलांचे काही दांडे दिसले. ओळख पटेना. त्यांनी झाड उपटले नाही. छायाचित्रे घेतली, चलच्चित्रण केले आणि ते भारतातील व बांगलादेशातील आमरीतज्ज्ञांकडे पाठवले. ही जात बांगलादेशात २००८ साली प्रथम आढळली होती आणि तिची नोंद करणारे तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ तिला जिवंत पाहिलेले मनुष्य होते. त्यांनी सांगितले, हीच ती. १९०२ च्या पिलीभीतच्या नोंदीनंतर यूलोफिया ऑब्टूसा पुन्हा दिसली, ही वार्ता जुलै महिन्यात वृत्तपत्रांतून आली.

या शोधाची जागा ध्यानात घेण्यासारखी आहे. किशनपूर आणि सोनारीपूर: बारशिंग्यासाठी राखलेली हीच ती दोन राने. आणि तिला ओळखले कोणी? सरहद्दीपलीकडच्या एका अभ्यासकाने. १९०२ साली पिलीभीत आणि ढाका हे एकाच राज्याचे भाग होते, आणि दोन्हीकडची पाने लंडनजवळच्या एकाच संग्रहात जाऊन पडत. आज मधे सीमा आहे. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाला आणि त्यावरच्या गवताला ती ठाऊक नाही.

महाराष्ट्रातील श्रोत्यांना अशी उदाहरणे घरचीच आहेत. शरावती नदीच्या गिरसप्पा धबधब्याच्या तुषारांत भिजणारे एक इवलेसे गवत सेजविक आणि बेल या दोघांनी १९१९ साली गोळा केले. पुढे बोर यांनी त्याला ‘हबार्डिया’ असे नाव दिले. नदीवर धरण झाले, धबधब्याचे तुषार आटले, आणि ते गवत पुन्हा मिळेना. ते संपले असेच शास्त्रज्ञ मानू लागले. २००२ साली कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील संशोधकांना ते तिल्लारी घाटात, तशाच ओल्या कड्यावर सापडले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकवणारे वुड्रो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोधलेला पांढऱ्या फुलांचा एक कंद, क्रायनम वुड्रोवी, शंभराहून अधिक वर्षांनी महाबळेश्वरच्या केट्स पॉइंटजवळ पुन्हा दिसला. यांपैकी कोणतीही वनस्पती परत ‘आली’ नव्हती. त्या आपल्या जागी होत्या. मात्र हबार्डियाच्या कथेत एक फरक आहे आणि तो विसरता कामा नये: गिरसप्पाचे मूळ ठिकाण खरोखरच गेले. दुसरी जागा होती म्हणून जात राहिली.

मग आता या आमरीला रक्षण कसले? जगातील बहुतेक आमरींप्रमाणे ती आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येते. तो करार १९७३ सालचा आणि भारत त्यात १९७६ साली सामील झाला. हे चांगलेच आहे. पण या फुलाचा शत्रू व्यापारी नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्यात वनस्पतींची अनुसूची यायला १९९१ साल उजाडले, आणि तीही सहाच नावांची होती. लेडीज स्लिपर आमरी, निळी व तांबडी वांदा ही डोळ्यांत भरणारी फुले तीत आली, यूलोफिया आली नाही. खरे संरक्षण तिला मिळते ते जागेमुळे. राष्ट्रीय उद्यान व अभयारण्य यांच्या हद्दीत परवान्यावाचून अधिवासाला धक्का लावता येत नाही, आणि त्या आश्रयात ही आमरीही बसते.

परंतु हद्द आखली म्हणजे गवत राहते असे नाही. दुधव्यात दरवर्षी थंडीच्या दिवसांत वनखाते ठरवून गवत जाळते. जाळले नाही तर झुडपे वाढतात, मागोमाग झाडे येतात, आणि नवा कोवळा चारा न मिळाल्याने बारशिंगा निघून जातो. कंद मातीखाली झोपलेला असतो तोवर ही आग आमरीला तारकच आहे, कारण वरचे दाट आच्छादन हटून दांड्याला उजेड मिळतो. तीच आग कोणाच्या निष्काळजीपणाने उन्हाळ्याच्या अखेरीस, कोंब मातीबाहेर डोकावत असताना लागली, तर त्या वर्षीचे फूल गेले आणि बीही गेले. म्हणजे एका महिन्याच्या फरकाने उपकाराचा अपकार होतो. जाळण्याचे वेळापत्रक आजवर हरणाकडे आणि वाघाकडे पाहून ठरत आले आहे. त्यात जमिनीखालच्या कंदाचाही विचार करणे ही मोठ्या खर्चाची बाब नाही. त्यासाठी फुलांच्या दिवसांत कोणीतरी ते तुकडे पायी हिंडून नोंदवले पाहिजेत. वनरक्षक तेथे रोज हिंडतातच. त्यांना ते फूल ओळखता आले म्हणजे झाले.

आणि नदीचे काय? शारदा अजूनही अस्वस्थ आहे. किशनपूरच्या बाजूला ती काठ कापत आत येत आहे आणि झादी तालालाच तिच्यापासून धोका निर्माण झालेला आहे. पूर्वी एका काठाचे गवत गेले की समोरच्या काठावर नवे उगवत असे. आता समोरच्या काठावर ऊस उभा आहे. नदीने जुना हिशेब सोडलेला नाही, पण परतफेड करायला तिच्यापाशी जागा उरलेली नाही.

जेथून १९०२ चा तो नमुना आला त्या पिलीभीतच्या जंगलालाही २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्यातही गवताचे तुकडे आहेत. ते दुधव्याइतके मोठे नाहीत, आणि काही तर शेताच्या बांधाला लागून आहेत. आषाढाच्या तोंडाशी, पहिल्या दोन सरी पडून गेल्यावर आणि गवत गुडघ्याच्या वर जाण्याआधी, तेथे शोध घ्यायचा असतो. पुढे पाऊस लागतो, वाटा बुडतात, फुलहरचे तळे भरून येते आणि गोमती लखनौच्या दिशेने चालू लागते.